मुकी जनावरे, बोलकी माणसे

आमच्या मंडळात आजमितीला २८ कुत्री, ९ मांजरे, १ लंगडे गाढव आणि २३ कार्यकर्ते आहेत. यांपैकी कुत्र्यांचे आपसात बरे चालले आहे. मांजरे एकमेकांकडे पाठ करून का होईना, पण शांततेने नांदतात. गाढवाची तर कोणाविरुद्धच तक्रार नाही. राहता राहिले कार्यकर्ते!

हे वाचून कोणी म्हणेल, की हा गृहस्थ आपल्याच माणसांची टवाळी करायला बसला आहे. तसे मुळीच नाही. ही २३ माणसे मी आयुष्यात पाहिलेल्या उत्तम माणसांपैकी आहेत. रात्री एक वाजता, भर पावसात, उघड्या गटारात कमरेइतके उतरून कोणाचे कोण ते पिल्लू वर काढणारी माणसे वाईट असतील कशी? आणि नेमके हेच कोडे मला कित्येक दिवस सुटत नव्हते. माणसे इतकी चांगली, काम इतके चांगले, मग भांडणे इतकी का? या कोड्याचे जे काही उत्तर मला सापडले ते सांगावे, म्हणून हा लेख. हे उत्तर फुकट मिळालेले नाही. त्याची किंमत सहा पिल्लांनी भरली आहे.

मी या मंडळात आलो तो अपघाताने, आणि तोही शब्दशः. आमच्या कॉलेजच्या फाटकासमोर एका भरधाव टेम्पोने एका कुत्रीला उडवले. माझ्याच वर्गातली एक मुलगी तिला ओढणीत गुंडाळून रस्त्याच्या कडेला उभी होती आणि मी नेमकी त्याच वेळी गाडी बाहेर काढीत होतो. "सर, डॉक्टरांकडे!" असे म्हणून तिने मागचे दार उघडलेसुद्धा. कुत्री वाचली, गाडीच्या गादीवरचा डाग अजून आहे, आणि मी त्या दिवसापासून मंडळाचा झालो. पुढे सहा महिन्यांत मंडळींनी मला अध्यक्ष केले. माझ्या अंगी असा कोणता गुण दिसला, असे मी विचारले, तेव्हा सगळे एकमुखाने म्हणाले, "सर, तुमचं कोणाशीच भांडण होत नाही!" त्या वेळी मी मनातून फुशारलो. तो गुण नसून दुर्गुण आहे, हे कळायला मला पुढे दीड वर्ष लागले.

पुण्याबाहेर, धायरीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी एका हितचिंतकाने दिलेल्या जागेवर आमची पत्र्याची शेड आहे. तिथे येणाऱ्या मंडळींचा मासला मोठा नामी आहे. बँकेतून निवृत्त झालेले एक काका हिशेब सांभाळतात. एका रुपयाचा फरक आला, तर त्यांना जेवण जात नाही. एक मावशी रोज सकाळी दहा किलो तांदूळ शिजवतात. त्या स्वतः कांदासुद्धा खात नाहीत, पण कुत्र्यांसाठी कोंबडीचे पाय उकळताना त्यांच्या कपाळाला आठी पडत नाही. संगणक कंपनीतला एक तरुण रात्रपाळी संपवून पहाटे गाडी घेऊन येतो. पशुवैद्य डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात आणि अडीअडचणीला केव्हाही येतात. आणि ती ओढणीवाली मुलगी! तिला भीती हा शब्द ठाऊक नाही, आणि दुर्दैवाने 'थांब' हाही शब्द ठाऊक नाही.

आता ही मंडळी भांडतात कशावरून? विचारूच नका. भातात हळद घालावी की न घालावी, या प्रश्नावर आमच्याकडे एकदा तीन आठवडे अबोला चालला होता. पिल्लू न्यायला आलेल्या कुटुंबाच्या घराला गच्ची आहे की नाही, त्यांना कुत्रा 'पाळायचा' आहे की 'बांधायचा' आहे, यावरून ते कुटुंब चहा न घेताच उठून गेले. देणगीचा पैसा औषधांवर आधी खर्चावा की कुंपणावर? वर्तमानपत्रात छायाचित्र आले, त्यात पुढे कोण आणि मागे कोण? जागा भरली असताना नवे जनावर घ्यावे का? आणि सर्वांत अवघड म्हणजे, ज्याचे कंबरडे मोडले आहे आणि जे रात्रंदिवस विव्हळते आहे, त्याला झोपेचे शेवटचे इंजेक्शन द्यावे का? एकाला तो खून वाटतो, दुसऱ्याला न देणे हा छळ वाटतो, आणि दोघांच्याही डोळ्यांत पाणी असते!

नामदेवांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. कुत्र्याने पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, की देवा, कोरडी खाऊ नकोस. ती गोष्ट आजवर गोड राहिली आहे, कारण धावणारे नामदेव एकच होते. त्यांच्याबरोबर आणखी एखादा भक्त धावत असता, तर कुत्र्याला तूप मानवते की नाही यावर दोघांत वाद जुंपला असता आणि कुत्रे कोरडी पोळी खाऊन केव्हाच पसार झाले असते.

चेष्टा बाजूला ठेवू. अध्यक्ष झाल्यावर मी, पोटार्थी प्राध्यापकाच्या सवयीने, या विषयावरची पुस्तके चाळू लागलो. जगात प्राण्यांसाठी पहिल्यांदा संस्था काढणारी माणसे तरी एकमेकांशी नीट वागली असतील, अशी माझी भाबडी समजूत होती. ती लवकरच दूर झाली.

१६ जून १८२४ रोजी लंडनमधल्या एका कॉफीगृहात काही सज्जन जमले आणि त्यांनी प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी संस्था स्थापन केली. त्या कॉफीगृहाचे नाव मूळ मालकाच्या आडनावावरून पडलेले होते, पण त्या आडनावाचा इंग्रजीत अर्थ होतो 'कत्तल'! संस्थेच्या प्रारंभीच सारी मदार आर्थर ब्रूम नावाच्या एका पाद्रीबुवांवर होती. संस्थेच्या कर्जापायी या गृहस्थांना तुरुंगात जावे लागले. त्यांच्यामागे लुईस गोम्पर्ट्झ या ज्यू गृहस्थाने चिटणीसपद घेऊन संस्था सावरली. हा माणूस मांसच काय, दूधही घेत नसे, आणि घोड्यांना कष्ट होतात म्हणून घोडागाडीत बसत नसे. अशा माणसाचे पुढे काय झाले? १८३२ साली संस्थेने ठरवले, की आपले कार्य केवळ ख्रिस्ती धर्मतत्त्वांवर चालेल. गोम्पर्ट्झ बाहेर पडले आणि त्यांनी दुसरी संस्था काढली. मूळ संस्थेला १८४० साली राणी व्हिक्टोरियाने 'रॉयल' हे बिरुद दिले आणि ती आज जगभर प्रसिद्ध आहे. पण तिची आठ वर्षे पुरी होतात न होतात तोच तिच्यात फूट पडली होती. दोन मराठी माणसे एकत्र आली, की तीन संस्था निघतात, असे आपण स्वतःलाच हिणवतो. हा गुण आपल्या एकट्यांचा नाही, एवढे समाधान मला त्या दिवशी मिळाले.

योगायोग असा, की त्याच १८३२ च्या जून महिन्यात इकडे मुंबईत कुत्र्यांवरूनच दंगल पेटली. सरकारी हुकमाने शहरातली बेवारशी कुत्री मारली जात होती. कुत्र्याला पवित्र मानणारा पारशी समाज खवळला, दुकाने बंद पडली, आणि शेवटी लष्कर बोलवावे लागले. दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जिजीभाई आणि इतर व्यापाऱ्यांनी मिळून मुंबईचा पांजरपोळ स्थापन केला. भुलेश्वरात तो आजही आहे. रस्त्यावर उसळलेल्या रागाला जागा, पैसा आणि व्यवस्था मिळाली, की त्यातून दोनशे वर्षे टिकणारे काम उभे राहू शकते, हे मी त्या वेळी वाचले. वहीत टिपूनही ठेवले. पण टिपून ठेवणे निराळे आणि उमजणे निराळे.

आता त्या सहा पिल्लांकडे येतो. टाळण्यासारखे असते, तर टाळले असते.

२०२४ च्या जुलैतली गोष्ट. चार दिवस सारखा पाऊस कोसळत होता. संध्याकाळी सातच्या सुमारास त्या मुलीचा फोन आला. एका बांधकामाच्या जागेवर, पाण्याने भरलेल्या खड्ड्याच्या काठाशी तिला चार पिल्ले सापडली होती. आई कोठे दिसत नव्हती. "सर, शेडवर घेऊन चाललेय."

पाच मिनिटांत काकांचा फोन. "सर, ती पोरगी पिल्लं आणतेय. वेगळी ठेवायच्या खोलीत तो खरजेचा कुत्रा आहे. आत आपली पाच पिल्लं आहेत, त्यांची टोचणी अजून व्हायचीय. बाहेरचं पिल्लू थेट आत घ्यायचं नाही, हे आपण ठरवलंय. तुम्ही सांगा तिला."

काकांचे म्हणणे सोळा आणे खरे होते. मुलीचेही खोटे नव्हते. त्या पावसात ती पिल्ले सकाळपर्यंत जगली नसती. मार्ग नव्हता असेही नाही. दोन आठवडे ती कोणाच्या तरी न्हाणीघरात राहू शकली असती. माझ्याच घरी राहू शकली असती. पण त्यासाठी मला कोणाला तरी स्पष्ट 'नाही' म्हणावे लागले असते. मी काकांना म्हणालो, "तुमचं अगदी बरोबर आहे. मी बघतो." आणि मुलीला म्हणालो, "अगं, काका जरा चिडलेत. आजची रात्र राहू दे कुठेतरी आडोशाला. उद्या बघू." दोघांचेही समाधान झाले. मी शांतपणे जेवलो आणि झोपलो. एक भांडण टाळल्याचा आनंद काय वर्णावा!

मुलीने पिल्ले शेडच्या मागच्या कोपऱ्यात खोक्यात ठेवली, वर प्लास्टिकचा कागद ओढला. काकांच्या नजरेस पडू नये, म्हणून वहीत नोंद केली नाही. काका सकाळच्या पाळीला आले, त्यांनी वही पाहिली. नोंद नाही, त्या अर्थी पिल्ले आली नाहीत, असे त्यांनी धरले. हिशेबी माणूस, कागदावर नाही ते जगात नाही! एकच बादली, एकच खराटा आणि त्याच चपला दोन्हीकडे फिरत राहिल्या. 'उद्या' उजाडला, परवाही उजाडला. मी काही बघितले नाही. चौथ्या दिवशी खोक्यातले एक पिल्लू ओकू लागले. जंत असतील असे समजून मुलीने गुपचूप औषध पाजले. सहाव्या दिवशी रक्ताची हगवण सुरू झाली, तेव्हा ती रडत डॉक्टरांकडे धावली. डॉक्टरांनी एकच शब्द उच्चारला: "पार्व्हो."

ज्यांच्या घरी कुत्रे आहे, त्यांना या शब्दाचा धसका ठाऊक असेल. हा विषाणू मोठा चिवट. मातीत तो महिनोन् महिने टिकतो, माणसांच्या चपलांवरून आणि हातांवरून फिरतो, साध्या फिनाईलला दाद देत नाही, त्याला ब्लीचिंगचेच पाणी लागते. पिल्लांना पहिली लस साधारणपणे सहा ते आठ आठवड्यांची झाली की देतात. आमच्या पाच पिल्लांची टोचणी अवघ्या एका आठवड्यावर आली होती.

पुढचे आठ दिवस मी विसरू म्हणता विसरणार नाही. काका रात्रभर हातात सलाईनची बाटली उंच धरून बसत. ती मुलगी समोर बसून चमच्या-चमच्याने साखरमिठाचे पाणी पाजी. दोघांच्या मध्ये एकच पिल्लू असे, आणि दोघे एकमेकांशी अवाक्षर बोलत नसत. "बाटली जरा वर धरा," हेसुद्धा ती मावशींकरवी सांगे. नऊ पिल्लांपैकी सहा गेली. आमच्या पाचांतली चार आणि तिने आणलेल्या चारांतली दोन.

रविवारी सभा भरली. काकांनी बँकेतल्या शिरस्त्याप्रमाणे विषय, संदर्भ वगैरे लिहून राजीनामा आणला होता. मुलगी म्हणाली, "त्या रात्री काकांनी मला दार उघडलं असतं, तर मी लपवलं असतं का?" काका म्हणाले, "तू लपवलं नसतंस, तर चार पिल्लं जगली असती." दोन तट पडले. फोनवरच्या समूहावर आदल्या रात्री जे लिहिले गेले होते, ते इथे लिहिण्यासारखे नाही. मंडळ फुटणार, हे उघड दिसत होते. इतका वेळ कोपऱ्यात तांदूळ निवडत बसलेल्या मावशी मान वर न करता म्हणाल्या, "भांडा हो, माझी ना नाही. पण त्या रात्री सरांनी कुणाला काय सांगितलं, ते तरी एकदा दोघं मोठ्यानं सांगा."

दोघांनी सांगितले. मग सगळे माझ्याकडे पाहू लागले.

मी २० वर्षे मराठी शिकवतो आहे. शब्दांचे अर्थ, छटा, व्यंजना यांवर तासन् तास बोलतो. पण आपल्या भाषेतला सर्वांत घातक शब्द कोणता, हे मला त्या रविवारी कळले. तो शब्द म्हणजे 'बघू'. दिसायला किती सोज्वळ! त्यात होकार नाही, नकार नाही, कोणाचा अवमान नाही. लग्नाच्या बोलण्यांपासून पगारवाढीपर्यंत आपला सारा संसार या शब्दावर चालतो. ज्याला तो ऐकवला जातो, तो आपल्या सोयीचा अर्थ काढून घरी जातो. मी एकाच रात्री दोन माणसांना तो शब्द दिला होता आणि दोघांनी आपापला अर्थ घेतला होता. माणसांमाणसांत हे खपून जाते, कारण माणूस दुसऱ्या दिवशी येऊन विचारू शकतो, "काय झालं हो माझ्या कामाचं?" पिल्लू विचारू शकत नाही.

मी त्या सभेत हे सगळे कबूल केले. फार काही बोललो नाही. बोलायला जड जात होते. काकांनी राजीनाम्याच्या कागदाची घडी केली आणि तो खिशात ठेवला. फाडला मात्र नाही. काका ते काका!

त्या दिवसापासून मी सलोखा या शब्दाचा अर्थ नव्याने शिकतो आहे. गोडीगुलाबी म्हणजे सलोखा, असे मी समजत होतो. आता मला वाटते, की भांडणाला वेळ, जागा आणि शेवट नेमून देणे म्हणजे सलोखा. ज्यांचे एखाद्या गोष्टीवर मनापासून प्रेम असते ती माणसे भांडणारच. माझेच प्रेम खरे, असे प्रत्येकाला वाटणे हा प्रेमाचा स्वभावच आहे. एकाच आजारी मुलाच्या उशाशी बसलेली आई आणि आजी काय कमी भांडतात? त्यांना "प्रेमाने वागा" असे सांगण्यात अर्थ नाही. प्रेम आहे म्हणूनच तर भांडण आहे. औषधाच्या वेळा कोणी पाहायच्या, एवढे ठरवून द्यावे.

आम्ही तेच केले. सभा रात्री अकरापर्यंत चालली आणि पुढेही तीन रविवार चालली. पहिली गोष्ट, शेडच्या दारावर पाटी लागली: 'कुत्री ३०.' हा आकडा कोणाच्या दयेवर ठरवला नाही. किती पिंजरे, किती हात आणि महिन्याला किती पैसे, यावर ठरवला. तीस झाली, की नवे जनावर आत येणार नाही. त्याला मदत मात्र मिळेल: औषध, नसबंदी, कोणाच्या तरी घरी तात्पुरता आसरा. त्यासाठी घरांची यादी केली आणि त्या यादीत पहिले नाव माझे घातले. हे मी घरी न विचारता केले, त्यावरून घरी जो संवाद झाला त्याचा इथे संबंध नाही. हल्ली आमच्या न्हाणीघराला पत्नी 'धर्मशाळा' म्हणते, पण दूध पाजायला तीच उठते.

दुसरी गोष्ट, रोज एक कारभारी. त्या दिवशी त्याचा शब्द अखेरचा. चुकला तर चुकला. त्याला जाब विचारायचा तो रविवारी, जनावरासमोर नव्हे. जीवनमरणाचा प्रश्न डॉक्टरांचा. मंडळातल्या कोणी त्यात मत द्यायचे नाही. भटक्या कुत्र्यांसंबंधीच्या सरकारी नियमांतही असाध्य आजारी आणि प्राणांतिक जखमी कुत्र्याचा निर्णय जाणकारांच्या निदानावर सोपवला आहे. ते शहाणपणाचे आहे. इतके मोठे ओझे मतदानाने उचलता येत नाही. तिसरी गोष्ट वही. वहीत जे लिहिले जाईल, त्यावरून कोणालाही बोल लावायचा नाही. शिक्षेची भीती असेल तर माणसे लिहीत नाहीत, आणि लिहीत नाहीत तिथे बादली आणि खराटा इकडचे तिकडे जातात. चौथी गोष्ट, फोनवर वाद नाही. 'कुत्रे सापडले, अमुक ठिकाणी, कोण जाते?' एवढेच तिथे लिहायचे. बाकी सगळे रविवारी, तोंडासमोर. समोरासमोर माणूस निम्मेच कठोर बोलतो, हा माझा अनुभव आहे.

श्रेयाचे काय करायचे, हे मात्र कोणत्याच नियमात बसेना. तेव्हा मी मंडळींना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांची हकीकत सांगितली. भरतनाट्यम् आणि कलाक्षेत्र यांमुळे त्या आपल्याला ठाऊक आहेत. १९५२ साली त्या राज्यसभेवर आल्या आणि प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध त्यांनी स्वतःचे विधेयक मांडले. सरकार स्वतःच कायदा करील, असे आश्वासन पंतप्रधान नेहरूंनी दिले, तेव्हा त्यांनी ते विधेयक मागे घेतले. स्वतःच्या नावाचे विधेयक! कायदा झाला तो १९६० साली. १९६२ मध्ये प्राणी कल्याण मंडळ निघाले आणि त्याच्या पहिल्या अध्यक्षा त्याच झाल्या. मधली सगळी वर्षे त्या रुसून बसल्या नाहीत. ही हकीकत ऐकून आमच्याकडचा छायाचित्रांचा वाद मिटला, असे मी म्हणणार नाही. पण हल्ली छायाचित्रात कुत्रे पुढे असते.

आणि एक नियम डॉक्टरांनी घालून दिला: महिन्यातून एक आठवडा प्रत्येकाने सक्तीने रजा घ्यायची. मंडळींनी आधी तो हसण्यावारी नेला. दुसऱ्याचे दुःख सतत पाहून माणूस आतून झिजतो, चिडचिडा होतो, त्याला झोप लागत नाही, आणि शेवटी त्याला कशाचेच काही वाटेनासे होते. या करुणेच्या थकव्यावर चार्ल्स फिग्ली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९९५ साली एक ग्रंथ संपादित केला आणि तेव्हापासून डॉक्टर, परिचारिका यांच्या बाबतीत त्याचा पुष्कळ विचार झाला आहे. आमच्या डॉक्टरांनी हे समजावून सांगितले, तेव्हा मला आमच्या निम्म्या भांडणांचा उलगडा झाला. हळदीवरचे ते तीन आठवड्यांचे भांडण हळदीचे नव्हतेच. त्याच्या आदल्या आठवड्यात एक कुत्री बाळंतपणात गेली होती, आणि रडायला कोणालाच सवड झाली नव्हती.

घरातला सलोखा जमला, तरी दाराबाहेरचा उरतोच. २०२५ चा ऑगस्ट महिना आठवा. ११ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली रस्त्यावरची सगळी कुत्री आश्रयस्थानांत न्यावीत, असा आदेश दिला. २२ तारखेला तो बदलून नसबंदी आणि लस झालेली कुत्री मूळ जागी सोडावीत, पिसाळलेली वा हिंस्र तेवढी सोडू नयेत, असे सांगितले. खाऊ घालायचे ते नेमलेल्या जागीच, हेही त्यात आले. पहिला आदेश दिल्ली परिसरापुरता होता, पण त्या अकरा दिवसांत गावोगावच्या सोसायट्यांत माणसे एकमेकांची तोंडे पाहीनाशी झाली. आमच्यातले काही तरुण त्वेषाने पेटले होते. त्याच दिवसांत जवळच्या एका इमारतीतल्या सात वर्षांच्या मुलाला कुत्रे चावले. मुलाचा बाप शेडच्या दाराशी येऊन वाटेल ते बोलू लागला. एक तरुण कार्यकर्ता ताडकन म्हणाला, "ते कुत्रं आमचं नाहीच!" ते खरेही होते. पण काका पुढे झाले. "आमचं की तुमचं ते मागाहून ठरवू. जखम धुतलीत का? साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा आधी." आणि मग स्वतः त्या बापलेकांबरोबर दवाखान्यात गेले. लशीच्या पुढच्या तारखा काकांच्या डायरीत लिहिलेल्या होत्या. प्रत्येक तारखेला ते त्या घरी फोन करीत.

२०२३ च्या नियमांप्रमाणे सोसायटीने कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा आणि वेळ ठरवून द्यायची असते. मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यांपासून आणि ये-जा करण्याच्या दारांपासून ती दूर असावी लागते. आमच्या शेजारच्या इमारतीत ती जागा ठरली, तेव्हा सभेत त्यासाठी पहिला हात वर केला तो त्या मुलाच्या बापाने. कायद्याचे कलम दाखवून ते घडले नसते.

पिल्ले गेली त्या वर्षीची दिवाळी. ज्यांच्या घरी कुत्रे आहे, त्यांना दिवाळीच्या रात्री निराळ्याच दिसतात. सुतळी बाँबच्या प्रत्येक धडाक्याला पलंगाखाली काहीतरी थरथरत असते. त्या दिवसांत कुत्री बिथरून सैरावैरा पळतात, हरवतात, गाड्यांखाली येतात. त्यामुळे शेडवर त्या रात्री दोघे तरी लागतातच. लक्ष्मीपूजनाच्या पाळीचा कागद भरायचा होता. घरची पूजा सोडून कोण येणार? मी अध्यक्ष, म्हणजे मलाच नावे घालायची होती. मी लिहिले: काका, आणि ती मुलगी. लिहिताना हात अडखळला. जुलैपासून दोघे कामापुरते बोलत, त्यापलीकडे नाही. कागद पाहून काका म्हणाले, "सर, हे मुद्दाम केलंत?" जुन्या सवयीने तोंडात आलेले 'बघू' मी गिळले आणि म्हणालो, "हो. मुद्दाम."

लक्ष्मीपूजनाच्या रात्री नऊच्या सुमारास मी फराळाचा डबा घेऊन शेडवर गेलो. खिडक्यांना गोणपाट लावलेले होते. आत मंद दिवा होता आणि काकांच्या जुन्या रेडिओवर आवाज कमी करून सनई चालू होती. बाहेर आभाळ फुटत होते. जगलेल्या तीन पिल्लांपैकी एक, आता चांगले मोठे झालेले, मुलीच्या मांडीत डोके खुपसून कापत होते. काका त्याच्या पाठीवरून हात फिरवीत होते आणि तिला सांगत होते, "वहीत लिही. नऊ दहा. घाबरलंय, पण पाणी प्यायलं."

ती लिहीत होती. मी डबा उंबऱ्यावर ठेवला आणि कोणाला काही न बोलता परत फिरलो.